हिरड्यांचे डॉक्टर आणि गुलाबी बाटली

डॉक्टर गेले तेव्हा आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. सेक्रेटरीने मला दोनदा आग्रह केला की चार शब्द बोला, तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखत होतं. मी घसा बसल्याचं सांगितलं आणि मागच्या रांगेत जाऊन बसलो. घसा ठणठणीत होता. पुढेही एक-दोघे येऊन गेले, डॉक्टरांवर काही लिहून द्या म्हणून. त्यांना मी 'बघू' म्हणालो. डॉक्टरांविषयी बोलायला लागलं की फिरून त्या एका फोटोपाशी यावं लागणार हे मला माहीत होतं, म्हणून मी त्यांच्याविषयी बोलणंच सोडून दिलं. गेली कित्येक वर्षं असं चाललंय. आता माझ्या बरोबरीची माणसं एकेक करून निघाली आहेत. मी सांगितलं नाही तर हे सांगणारं कुणी उरणार नाही.

विरार पश्चिमेला, बोळिंजकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा फोटो स्टुडिओ होता. नव्वदच्या दशकात तिथे नव्या इमारती उठत होत्या आणि प्रत्येक इमारतीखाली सहा-आठ गाळे. माझ्या शेजारच्या गाळ्यात डॉक्टर आले. पाटीवर त्यांनी 'दंतवैद्य' लिहिलं नाही. 'हिरड्यांचा दवाखाना' एवढंच लिहिलं. पेंटरने दोनदा विचारलं, साहेब, काही राहिलं का? डॉक्टर म्हणाले, नाही, एवढंच आहे.

लोकांना ते कळायचं नाही. गाल धरून माणसं यायची आणि दात काढा म्हणायची. डॉक्टर त्यांना रस्त्यापलीकडचा दवाखाना दाखवायचे. "काढणारे समोर आहेत. मी ठेवणारा आहे." हे ते इतक्या गंभीरपणे सांगायचे की रुग्णाला वाटे आपलंच काहीतरी चुकलं.

अंगाने किडकिडीत, चष्मा कपाळावर, आणि पायात बाराही महिने रबरी चपला. चेहरे त्यांच्या लक्षात राहायचे नाहीत. त्यांना माणसं हिरड्यांवरून कळायची. एकदा बाजारात गिरीजहून केळी घेऊन आलेल्या बाईंपाशी आम्ही समोरासमोर आलो. मी नमस्कार केला. डॉक्टरांनी अनोळखी माणसाला करतात तसा परत केला आणि केळी निवडायला लागले. रोज सकाळी ज्या माणसाच्या दुकानातलं वर्तमानपत्र ते वाचायचे तो माणूस मी. मला हसू आलं, तसे ते एकदम वळले. "अरे, तुम्ही होय. वरचा डावा सुळा. तिथली हिरडी उतरते आहे, कितीदा सांगितलं." केळीवाल्या बाईंनी पदर तोंडावर धरला, तो आम्ही जाईपर्यंत काढला नाही.

दवाखान्यात शिरल्याबरोबर खुर्चीवर बसायची सोय नव्हती. आधी बेसिन. तिथे उभं राहून, डॉक्टरांच्या देखत, आपण घरी जसा ब्रश करतो तसा करून दाखवायचा. वय, हुद्दा, बाई, पुरुष, कुणाला सूट नाही. एकदा आमच्या वॉर्डाचे नगरसेवक आले. बरोबर चार कार्यकर्ते. नगरसेवकांना वाटलं, डॉक्टर गंमत करताहेत. डॉक्टरांनी नवा ब्रश काढून हातात दिला. कार्यकर्ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. नगरसेवकांनी बूट पॉलिश केल्यासारखा ब्रश केला. डॉक्टरांनी पूर्ण बघून घेतलं आणि म्हणाले, "मतं मागताना अशीच घाई करता का?" नंतर सहा आठवडे नीट ब्रश करून परत यायला सांगितलं. सहा आठवडे हा त्यांचा नियम होता. तोवर ते कुणाच्याही हिरडीला हत्यार लावायचे नाहीत. नगरसेवक परत आले, हे विशेष. येताना कार्यकर्ते आणले नाहीत.

खाडीकाठचे एक शेतकरीकाका आले होते, त्यांचा किस्सा डॉक्टर वर्षभर सगळ्यांना सांगत होते. काकांचा खालचा दात हलत होता. काढून टाका म्हणाले. डॉक्टरांनी समजावलं की दात चांगला आहे, त्याला धरून ठेवणारी हिरडी आणि आतलं हाड खचलंय. काकांना ते पटेना. मग डॉक्टरांनी विचारलं, बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं तर तुम्ही भात उपटता की बांध घालता? काका म्हणाले, "बांद घालतो. पन आदी शेजाऱ्याशी भांडतो." डॉक्टर इतके हसले की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. मी फोटोवाला असूनही त्या हसण्याचा फोटो माझ्याकडे नाही.

दवाखान्याच्या खिडकीत एक लाकडी फळी होती आणि तिच्यावर मशेरीच्या डब्या ओळीने मांडलेल्या. मशेरी म्हणजे तव्यावर भाजून केलेली तंबाखूची काळी पूड. आमच्याकडच्या गावांतल्या कितीतरी बायका ती सकाळ-दुपार हिरड्यांवर घासत. तिने हिरड्या खाली सरकतात, दाताची मुळं उघडी पडतात. डॉक्टर 'सोडा' असं कधी म्हणायचे नाहीत. डबी इथे जमा करा म्हणायचे. वर नावाची चिठ्ठी चिकटवायचे. आणि वर सांगायचे की डबी तुमचीच आहे. तलफ आली तर या आणि घासा, फक्त इथे, माझ्यासमोर.

चांदीपच्या यमुनाबाई खरोखर यायच्या. पन्नाशीच्या, शेतकरी घरातल्या, तोंडाने फटकळ. पहिल्या आठवड्यात त्या तीनदा एसटीने आल्या. बाकावर बसून पाय हलवत मशेरी लावायच्या, आणि डॉक्टर समोर माझं वर्तमानपत्र वाचत बसलेले. तिसऱ्या वेळी त्यांनी डबी खटकन बंद केली.

"डाक्टर, तुमच्यासमोर घासायला मजाच नाय येत."

"माझी हरकत नाही, बाई. घासा की."

"नको. ठेवा तुमच्याकडं. पानी द्या चूळ भरायला."

ती डबी मग त्या फळीवरच राहिली.

आता त्या गुलाबी बाटलीविषयी सांगितलं पाहिजे. नव्या इमारतींतून मुलींच्या आया डॉक्टरांकडे यायच्या. मुलगी चांगली, शिकलेली, नोकरीवाली; पण हसली की हिरड्या काळपट दिसतात, त्या गुलाबी करून द्या, स्थळं बघतोय. हिरडीवरचा रंगाचा थर खरवडून ती गुलाबी करता येते. डॉक्टरांना ते काम यायचं, पण ते करायचे नाहीत. म्हणायचे, आपल्या लोकांची हिरडी तपकिरी असते, जांभळट असते, ती आजारी नसते. आजारी हिरडी लाल असते, सुजते, तिच्यातून रक्त येतं. ते मुलीला सोडून आईलाच तोंड उघडायला सांगायचे. आईची हिरडी तशीच निघायची. "ही तुमचीच आहे. परत घेता का?" एवढं बोलून ते दोघींना चहा पाजायचे आणि वाटेला लावायचे.

त्या दोघी दवाखान्याच्या पायऱ्या उतरून थेट माझ्या स्टुडिओत चढायच्या.

स्थळासाठी पाठवायचे फोटो हा माझा मुख्य धंदा. फोटो छापून आला की त्याच्यावर बारीक ब्रशने रंग लावून व्रण, काळे डाग, डोळ्यांखालची वर्तुळं घालवायची, याला आम्ही टचिंग म्हणायचो. माझा हात त्यात चांगला होता. रंग एक-दोन छटा उजळ करायचा, आणि मुलगी हसरी असेल तर हिरडीवर गुलाबी. त्या गुलाबी रंगाची छोटी बाटली टेबलावर कायम उघडी असायची. डॉक्टरांनी नाकारलेलं काम मी शेजारी बसून करत होतो. डॉक्टरांना ते माहीत होतं का? मी कधी बोललो नाही, त्यांनी विचारलं नाही.

मग एका स्थळाचं बिनसलं. मुलाकडची माणसं फोटो घेऊन दुकानात आली. मुलगी वेगळी आणि फोटो वेगळा, असं रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. मी छातीवर हात ठेवून सांगितलं की आमच्याकडे टचिंग होत नाही, उजेडाचा फरक असेल. दुसऱ्या दिवशी मी पाटीच लावली: 'येथे फोटोवर टचिंग केले जात नाही.' गुलाबी बाटली खणात गेली. काम चालूच राहिलं. गिऱ्हाईक उलट वाढलं.

डॉक्टरांची आणि माझी खरी भागीदारी वेगळ्या फोटोंची होती. प्रत्येक मोठ्या उपचाराआधी आणि नंतर ते हिरडीचा फोटो काढून घ्यायचे. मी कॅमेरा घेऊन दवाखान्यात जायचो. रुग्णाचे ओठ प्लास्टिकच्या पकडीने बाजूला केलेले, डॉक्टर एका हाताने आरसा धरलेले. सवयीने मी म्हणायचो, "हसा." डॉक्टर म्हणायचे, "हसू नका. दाखवा." असे शेकडो फोटो मी काढले. चेहरा कधीच नाही. फक्त दात आणि हिरडी.

दर गुरुवारी त्यांचा दवाखाना बंद असायचा. त्या दिवशी ते मुंबईच्या एका दंत महाविद्यालयात शिकवायला जायचे. इस्त्री केलेला पांढरा कोट कापडी पिशवीत घालून, सकाळी सातला. पगार जवळपास नव्हताच. पण गुरुवार जवळ आला की त्यांची चाल बदलायची. बुधवारी संध्याकाळी ते माझ्याकडून जुने फोटो मागून न्यायचे आणि मुलांना काय विचारायचं ते ठरवत बसायचे. एका विद्यार्थ्याने भर वर्गात त्यांना चूक दाखवून दिली, तेव्हा आठवडाभर त्यांनी त्या पोराचं कौतुक मला ऐकवलं.

यमुनाबाईंच्या खालच्या पुढच्या दाताचं मूळ उघडं पडलं होतं. सहा आठवडे झाले, मग सहा महिने, डबी फळीवरून हलली नाही, तेव्हा डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करायचं ठरवलं. टाळूच्या आतून मांसाचा छोटा तुकडा काढायचा आणि उघड्या मुळावर बसवायचा. हे इतर डॉक्टरही करत. पण तसा तुकडा पुष्कळदा फिक्का पडतो आणि तपकिरी हिरडीत गुलाबी ठिगळासारखा दिसतो. डॉक्टरांनी तो तुकडा आत ठेवून वर यमुनाबाईंचीच हिरडी ओढून शिवली. चार महिन्यांनी मी फोटो काढला तेव्हा कुठे शिवलंय ते त्यांनी बोट लावून दाखवल्यावरही मला दिसेना. तपकिरीला तपकिरी जुळली होती. यमुनाबाईंनी आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, "आता बरी दिसते. माजीच वाटते."

डॉक्टरांना हे वाक्य फार आवडलं. हिरड्यांच्या डॉक्टरांच्या संघटनेचं अधिवेशन मुंबईत भरणार होतं, तिथे हे काम मांडायचं त्यांनी ठरवलं. मोठा पुठ्ठा, त्याच्यावर उपचाराआधीचा आणि नंतरचा असे दोन मोठे फोटो, खाली मजकूर. यमुनाबाईंना त्यांनी शब्द दिला की तुमचा चेहरा नसेल, नाव नसेल आणि तुम्हाला कुणी काही विचारायला येणार नाही. आपण मशेरी घासत होतो हे चारचौघांत कळू नये, एवढंच बाईंचं म्हणणं होतं.

मोठे फोटो अधिवेशनाच्या आदल्या दिवशी दुपारी छापून आले. पुठ्ठ्यावर चिकटवायचं काम माझं होतं. आधीचा फोटो ठीक होता; तो वाईटच दिसायला हवा. नंतरचा हातात घेतला. दात स्वच्छ, मूळ झाकलेलं, आणि हिरडी काळपट. मला वाटलं, एवढं सुंदर काम आणि हे असं कळकट दिसतंय. मोठमोठे डॉक्टर बघणार. मी खण उघडला.

तपकिरी हिरडी आजारी नसते, हे मी डॉक्टरांच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. कानांनी ऐकलं होतं, हाताने ऐकलं नव्हतं. वीस वर्षं या हाताने काळं दिसलं की उजळ करायचं एवढंच केलं होतं. अर्ध्या तासात मी ती सगळी हिरडी गुलाबी केली. मनापासून केली. वरून बटर पेपर लावला, पुठ्ठा बांधला, आणि डॉक्टरांना म्हणालो की आता तिथेच उघडू, धूळ बसायला नको. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी भाड्याच्या जीपने आम्ही दोघं गेलो. हॉलमध्ये ओळीने पुठ्ठे लागत होते. डॉक्टरांचे एक जुने सर भेटले, त्यांच्याशी बोलायला ते थांबले. मी पुठ्ठा टांगला आणि बटर पेपर काढला. मजकूर इंग्रजीत होता. शीर्षक मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. त्याचा अर्थ असा होता: हिरडीचा मूळ रंग राखून केलेला उपचार.

मला ते वाचूनही लगेच कळलं नाही. कळलं ते चार-पाच डॉक्टर समोर थांबून एकमेकांकडे बघायला लागले तेव्हा. त्यांच्यातले एक वयस्क प्राध्यापक अगदी जवळ गेले, चष्मा काढून त्यांनी फोटो पाहिला. तोवर आमचे डॉक्टर परत आले होते. त्यांनी फोटो पाहिला आणि ते जागच्या जागी उभे राहिले.

प्राध्यापक शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही लिहिता रंग राखला. फोटोत तर रंगच नाही. आणि हा गुलाबी ओठावरही सांडलाय. हा तोंडातला रंग नाही, बाटलीतला आहे."

कुणीतरी हसलं. प्राध्यापकांनी विचारलं, फोटो कुणाचे? डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्यापासून चार हातांवर, बटर पेपरची गुंडाळी हातात घेऊन उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. मी त्या गुंडाळीची घडी घालत राहिलो.

"फोटो माझे आहेत," डॉक्टर म्हणाले. "जबाबदारी माझी."

परतीच्या वाटेवर घोडबंदर आलं. पुढच्या काचेकडे बघत डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही हात लावला होतात का फोटोला?"

"नाही," मी म्हणालो. "छापताना रंग बदलतो कधीकधी. लॅबवाल्यांचं काही सांगता येत नाही."

त्यांनी मान हलवली आणि माझ्यावर विश्वास ठेवला. संघटनेकडून पत्र आलं तेव्हा त्यांनी उत्तरात तसंच लिहिलं, की छपाईत दोष झाला. ते उत्तर वाचून लोकांना त्यांचा आणखी संशय आला असणार. छपाईत ओठावर ब्रश फिरत नाही. संघटनेने कळवलं की मूळ निगेटिव्ह पाठवा, म्हणजे प्रश्न मिटेल.

खरोखरच मिटला असता. निगेटिव्हमध्ये यमुनाबाईंची हिरडी तपकिरीच होती. ती पुन्हा छापली असती तर काम खरं आणि रंग वरून लावलेला, हे कुणाही डॉक्टराला दिसलं असतं. आणि रंग कुणी लावला तेही कळलं असतं. डॉक्टर स्वतः दुकानात आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "एवढी एक निगेटिव्ह शोधून द्या. बाकी मी बघतो."

मी त्यांच्यासमोर तीन खोकी उपसली. चौथं उघडलं नाही. ती कुठे आहे ते मला माहीत होतं. "सापडत नाही हो," मी म्हणालो. "मागच्या पावसात बरंच भिजलं, त्यात गेली असेल."

माझ्या मागे भिंतीवर पाटी होती: येथे टचिंग केले जात नाही. मला वाटलं, हे बाहेर फुटलं तर उद्यापासून कुणी आपल्या मुलीचा फोटो माझ्याकडे काढणार नाही. माझ्या घरातही लग्नाची मुलगी होती. अशी कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. आज ती लिहिताना त्यांच्यात काही जीव दिसत नाही. मला लाज वाटत होती, आणि तिच्यापेक्षा खोटं बोलणं सोपं होतं.

यमुनाबाईंना घेऊन जा, त्यांचं तोंडच दाखवा, असंही मी डॉक्टरांना सुचवलं. इतका मी निर्लज्ज झालो होतो. डॉक्टर म्हणाले, "त्यांना शब्द दिलाय. तोंड आहे त्यांचं, पुरावा नाही."

निगेटिव्ह न गेल्याची बातमी महाविद्यालयापर्यंत पोचली. त्यांनी डॉक्टरांना काढलं असं म्हणता येणार नाही. सध्या येऊ नका, असं कळवलं. ते 'सध्या' संपलं नाही.

यानंतरचं सांगणं मला सगळ्यात जड जातं. पुढच्या गुरुवारी सकाळी सातला डॉक्टर नेहमीसारखे घरातून निघाले. कोट पिशवीत. मी साडेआठला शटर उघडलं तेव्हा ते पायरीवर बसले होते. म्हणाले, घरी अजून सांगितलेलं नाही, आज इथे बसू का? वहिनींना त्यांच्या शिकवण्याचा फार अभिमान होता. कोट त्याच इस्त्री करायच्या.

जवळजवळ वर्षभर ते गुरुवारी माझ्याकडे बसले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. आतल्या खोलीत, लाइटच्या छत्रीखाली, डबा खायचे. पडद्याआडून गिऱ्हाइकांचे आवाज ऐकून मला हळूच सांगायचे की आता आलेल्या माणसाच्या खालच्या हिरड्या सुजल्या असणार, शब्द बघा कसे चघळतोय. कधी मी फोटो कापत असलो की जवळ येऊन बघायचे आणि कुणाच्या तरी हसण्यावर बोट ठेवून म्हणायचे, "ही चांगली हिरडी आहे. हिला सांगा, काही करू नकोस." मी त्यांना चहा आणून द्यायचो. दोन वेळा, आल्याचा. एवढंच मी केलं. तो माणूस माझ्यामुळे घरच्यांना तोंड चुकवून माझ्याच दुकानात बसला होता आणि जाताना दर गुरुवारी मला 'आभारी आहे' म्हणत होता.

एका गुरुवारी खण अर्धवट उघडा राहिला होता. मी गिऱ्हाइकापाशी होतो. आत आलो तर डॉक्टरांच्या हातात गुलाबी बाटली. त्यांनी ती उजेडात धरली होती, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला होता. मी दारात उभा राहिलो. त्यांनी बाटलीचं झाकण नीट फिरवून लावलं.

"उघडी ठेवू नका. सुकते," ते म्हणाले, आणि बाटली खणात ठेवून खण सरकवला.

त्या दिवशी त्यांना कळलं, की आधीच कळलं होतं, की कळलंच नाही, हे मला आजही सांगता येत नाही. पुढच्या गुरुवारी ते आले. नेहमीसारखेच बसले. फक्त त्यानंतर त्यांनी मला कधी हिरडीचा फोटो काढायला बोलावलं नाही.

पुढे वहिनींना कळलं, गुरुवार थांबले. हळूहळू हात थरथरायला लागला म्हणून त्यांनी दवाखानाही बंद केला. आमच्या रस्त्यावर तोवर चकचकीत दवाखाने आले होते आणि काचेवर गुलाबी हिरड्यांची चित्रं लागली होती. माझाही धंदा संपत आला होता. कॉम्प्युटरवर टचिंग व्हायला लागलं, ब्रश कुणाला नको होता. फळीवरच्या डब्या डॉक्टरांनी एकेकीला पत्र टाकून परत न्यायला सांगितल्या. यमुनाबाई आल्या. डबी घेतली, उघडून वास घेतला आणि समोरच्या गटारात रिकामी केली. "डबी बरी हाय. हळद ठेवीन," म्हणाल्या.

डॉक्टरांची शेवटची भेट त्यांच्या घरी. ते आजारी असल्याचं ऐकलं होतं. मी चौथं खोकं उघडलं, निगेटिव्ह काढली, पाकिटात घालून खिशात ठेवली. जिना चढताना वाक्य पाठ करत होतो. वहिनींनी दार उघडलं. डॉक्टर गॅलरीत खुर्चीवर बसलेले, आणखी वाळलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नमस्कार केला. ओळखलं नव्हतं. वहिनी म्हणाल्या, हल्ली असंच होतं, मनावर घेऊ नका, आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.

मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसलो. पाकिटाला हात घातला. म्हणालो, "डॉक्टर, एक सांगायचं होतं." तोंड उघडलेलं होतं, तेवढ्यात ते पुढे झुकले. "दाखवा," म्हणाले. सवयीने मी आणखी उघडलं. त्यांचं थरथरतं बोट माझ्या ओठाखालून डावीकडे सरकलं आणि सुळ्याच्या वर येऊन थांबलं. तिथे थांबल्यावर ते अजिबात थरथरत नव्हतं.

"फोटोवाले," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. "वरचा डावा सुळा. अजून उतरली. तुम्ही माझं ऐकत नाही."

मला बोलता येत नव्हतं. बोट तोंडात होतं आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. दुखतंय असं वाटून त्यांनी बोट काढलं, माझ्या गालावर दोनदा थोपटलं आणि काठी घेऊन उठले. मला हाताला धरून बेसिनपाशी नेलं. कपाटातून नवा ब्रश काढून दिला. "करा बघू. मी आहे इथे."

मी ब्रश केला. साठी उलटलेला माणूस, त्यांच्या देखत, त्यांनी शिकवला होता तसा, हळू, गोल, हिरडीकडून दाताकडे. ते शेवटपर्यंत बघत होते. मी चूळ भरून वळलो तेव्हा ते समाधानाने मान हलवत होते, आणि वहिनी चहा घेऊन आल्या होत्या, आणि ते त्यांना सांगत होते की हा माणूस आपला जुना शेजारी, फार उपकार आहेत याचे, वर्षभर गुरुवारी मला बसायला जागा दिली.

पाकीट खिशातच राहिलं. तीन आठवड्यांनी ते गेले. निगेटिव्ह आजही माझ्याकडे आहे. उजेडात धरली की निगेटिव्हच्या उलट्या रंगांतूनही हिरडी तपकिरीच असल्याचं मला वाचता येतं.

जिना चढताना पाठ केलेलं वाक्य लांबलचक नव्हतं. ते असं होतं: डॉक्टर, ती हिरडी मी गुलाबी केली, निगेटिव्हही मीच लपवली; तुमचं काम खरं होतं, मला माफ करा.